पावसच्या सड्यावरची बोलेरो: बागेच्या कामासाठी केलेले आणि परत काढलेले बदल

पावस आणि पूर्णगडच्या मधल्या एका हापूसच्या बागेत वापरात असलेली ही बोलेरो मुळात घरची गाडी. रत्नागिरीला बाजारहाट, लग्नकार्य, दवाखाना हे तिचं वर्षभराचं काम. ऑक्टोबर लागला की तिच्यावर बागेचं पाणी, फवारणीचा पंप, नळी आणि औषधं चढतात, मार्चपासून आंब्याचे क्रेट आणि मेअखेर खताची पोती. २.५ लिटरचं डिझेल इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना, मागे समोरासमोर बसायच्या दोन बाजूच्या सीट, नोंदणी खाजगी. फोर-व्हील-ड्राइव्ह नाही, चढासाठीचा जादा ताकदीचा लो-गिअर नाही. अशा गाडीकडून बागेत कितपत काम घेता येतं, हा मालकाचा प्रश्न होता. तो विचारला गेला तेव्हा गाडीवर एकदा चुकीचा खर्च होऊन गेला होता. म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी काय केलं होतं

गाडी चढात अडकते आणि खाली घासते, ही तक्रार घेऊन मालक एका गॅरेजात गेले. तिथे तीन कामं झाली. पुढच्या स्प्रिंगवर गाडी उचलणारे दोन इंची ठोकळे म्हणजे स्पेसर, मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे, आणि २१५/७५ आर १५ या मूळ मापाऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे खोल गुट्ट्यांचे मड टायर. गाडी दिसायला दणकट झाली. एका हंगामात पुढचं सगळं घडलं.

क्लच प्लेट जळाली. पुढचे टायर आतल्या कडेने झिजले. साठ-सत्तरच्या वेगाला खालून घरघर सुरू झाली, कारण मागची बाजू उचलल्यामुळे ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या जॉइंट शाफ्टचा कोन बदलला आणि त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, लवकर गेला. रिकाम्या गाडीचा मागचा भाग खडबडीत वाटेवर उड्या मारू लागला. चढावर चाक उडालं की तेवढा वेळ पकड शून्य, म्हणजे ज्या कामासाठी खर्च केला तेच काम बिघडलं. पावसाळी डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी सरकू लागली. आणि एवढं करूनही गाडी जिथे घासत होती तिथे घासतच राहिली.

हे शेवटचं नीट समजून घ्यायला हवं, कारण कोकणात गाडी उचलायचा खर्च याच गैरसमजातून होतो. बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, १८० मिमी. अशा सरळ मागच्या ॲक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, गोळा. हा गोळा ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकांवर. कमान कितीही उचला, शाशी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा वर जातो, बॉडी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. त्याची उंची फक्त टायरच्या त्रिज्येने वाढते. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३४. फरक ३० मिमी, म्हणजे गोळा वर आला जेमतेम १५ मिमी. दोन इंच उचलल्याचं समाधान मिळालं आणि पदरात पडला दीड सेंटिमीटर.

त्या दीड सेंटिमीटरची किंमतही मोठी. टायर ४.३ टक्के मोठा झाला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. लो-गिअर नसलेल्या गाडीत पहिला गिअर हाच शेवटचा आधार. तो लांब झाल्यावर चालक चढावर अर्धा क्लच धरून गाडी ओढत राहिला. क्लच जळाला तो यामुळे. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी साडेबासष्टने पळत होती, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक खड्ड्यात दबलं की टायर आतल्या लायनरला घासत होता. गॅरेजात सपाट जमिनीवर तपासताना हे दिसलं नाही, कारण स्पेसरने तिथे जागा मोकळी दिसत होती. स्प्रिंग दबल्यावर ती जागा उरत नाही.

वाट मोजली

गाडीला हात लावण्याआधी वाट मोजली. बेड्यापासून, म्हणजे बागेच्या फाटकापासून, मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या खोपीपर्यंत, सव्वा किलोमीटर. पहिले सातशे मीटर गडग्यांच्या, म्हणजे दगडी बांधांच्या, मधून जाणारी घट्ट जांभ्या मातीची पाणंद. मग एक पऱ्ह्या, म्हणजे ओढा, जो डिसेंबरात घोट्याएवढा आणि पावसात कमरेएवढा. पऱ्ह्याच्या पलीकडे घाटी, आणि घाटी संपली की सड्याचा, म्हणजे वरच्या सपाट माळाचा, उघडा कातळ.

चढ मोजायला महाग साधन लागत नाही. एक मीटरची सरळ फळी, गवंड्याची लेव्हल-नळी आणि टेप. फळीचं वरचं टोक जमिनीवर टेकवायचं, खालचं टोक पाणसळ होईपर्यंत उचलायचं आणि त्या टोकाखाली किती सेंटिमीटर फट राहिली ते मोजायचं. वीस सेंटिमीटर म्हणजे वीस टक्के चढ. घाटीचा बहुतेक भाग बारा-तेरा टक्क्यांचा निघाला. वळणानंतरचे फक्त बावीस मीटर वीस टक्क्यांचे होते, आणि त्यावर सुट्या खडीचा थर होता. गाडी दर वेळी तिथेच अडायची.

चाकोऱ्याही मोजल्या. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि मधला उंचवटा यांत दोन ठिकाणी २० ते २२ सेंटिमीटरचा फरक होता. जमिनीपासून १८ सेंटिमीटरवरचा गोळा तिथे घासणारच.

वजनाचा हिशोब

मालकाची इच्छा होती मागे ५०० लिटरची टाकी बसवायची. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, त्यात टाकी, पंप, नळी आणि दोन माणसं. ही गाडी सात माणसांसाठी बनलेली आहे. माणशी ६५ किलो धरले तर सगळ्यांचे मिळून ४५५ किलो. त्यातून चालक आणि गडी यांचे १३० गेले की सामानाला उरतात सव्वातीनशे. ५०० लिटरचा विषय तिथेच संपला.

गाडी वजनकाट्यावर दोनदा नेली. काट्यावर आधी पूर्ण गाडी घ्यायची, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्यायचं. चिऱ्याच्या किंवा वाळूच्या गाड्या जातात त्या कुठल्याही काट्यावर हे पाच मिनिटांत होतं. रिकामी गाडी १,६३० किलो भरली, त्यातले ७७० मागच्या चाकांवर. दोन माणसं, २०० लिटरची भरलेली टाकी आणि ६० किलोची अवजारं चढवल्यावर एकूण २,०३५ आणि मागे १,०८५, म्हणजे ५३ टक्के. वीस टक्के चढावर आणखी चार-पाच टक्के भार मागे सरकतो.

आता पकडीचा ढोबळ हिशोब. चाक जमिनीला जितकं धरतं त्याला मागच्या चाकांवरच्या भाराच्या वाट्याने गुणायचं आणि त्यातून वाटेचा अडथळा वजा करायचा. सुट्या खडीवर पकड साधारण ०.४ धरली तर ०.४ गुणिले ०.५८ म्हणजे ०.२३. त्यातून खडीचा अडथळा ०.०४ गेला की उरतात १९ टक्के. चढ आहे वीस टक्क्यांचा. गाडी डिसेंबरात कधी चढायची, कधी नाही, याचं कारण एवढंच. ओल्या तांबड्या मातीवर पकड ०.२५ पर्यंत खाली येते, अडथळा वाढतो, आणि तीच गाडी दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. उलट त्याच बावीस मीटरवर पक्क्या दगडी पट्ट्या टाकल्या तर पकड ०.६ च्या आसपास आणि उत्तर तीस टक्क्यांच्या पुढे.

हे आकडे अंदाजाचे आहेत, पण फरक इतका मोठा आहे की निर्णय बदलत नाही. गाडीवर खर्च करण्याआधी त्या बावीस मीटरवर करायचा. दोन्ही चाकांखाली प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या. खाली डबर ठोकून, वर चिरे एकमेकांना घट्ट भिडवून, सांधे सिमेंटने भरलेले. पट्ट्यांच्या मधे माती चिऱ्यांच्या पातळीपेक्षा खाली ठेवली आणि वरच्या टोकाला पाणी बाजूला काढणारा आडवा चर खणला. हा चर सोडला तर पहिल्याच पावसात पट्ट्यांखालची माती वाहून जाते. पाणंदीतल्या दोन खोल चाकोऱ्याही डबराने भरल्या. गोळा घासणं तिथेच थांबलं.

टायर

मूळ माप परत आणलं: २१५/७५ आर १५, लोड इंडेक्स १००, म्हणजे एका टायरला ८०० किलो. नक्षी ऑल-टेरेन. मड टायर चिखलात चांगले हे खरं, पण या गाडीचं चिखलातलं काम वर्षाला मोजून दहा-पंधरा दिवस. बाकी सगळं धावणं डांबरावर, आणि तेही चार महिने पावसात. मड टायरच्या मोठ्या गुट्ट्यांवर बारीक चिरा कमी असतात, त्यामुळे ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या कातळावर तो घसरतो. पावसात काळाभोर बुळबुळीत झालेला सड्याचा कातळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हवा: डांबरावर दाराच्या खांबावरच्या पाटीत लिहिली आहे तेवढीच. भरलेली टाकी घेऊन घाटी चढताना ती कमी करायची नाही. चिखलात रुतल्यावर, सामान उतरवून, २० पीएसआयपर्यंत उतरवायची आणि बाहेर आल्यावर लगेच भरायची. कातळावर कमी हवेने चालवलं तर जांभ्याची धारदार कड टायरची बाजू कापते, आणि बाजूचा काप पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. हवा भरायला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतला, तो थेट बॅटरीला चिमट्याने लावायचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावला तर फ्यूज उडू शकतो.

वाळूचा प्रश्न मालकाने विचारला होता, कारण गावखडीचा किनारा जवळ आहे. त्याला उत्तर एकच: गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, न्यायची नाही. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि चाकाखाली दबलेलं घरटं वरून दिसतही नाही.

कमान, शॉकअप आणि ब्रेक

स्पेसर काढले. जादा पाटे काढले आणि कमानीचा संच मूळ पाट्यांचा नवा घातला, सोबत नवे रबर बुश, नव्या शॅकल पिना आणि चार नवे शॉकअप. कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने परत वापरले नाहीत. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा आवळला की पहिल्याइतकं धरत नाही. नवे बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळायचे आणि पाचशे किलोमीटरनंतर परत तपासायचे. हा दुसरा फेरा बहुतेक जण विसरतात, आणि मग कमानीचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल तिरका होतो.

ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह काडीने ॲक्सलला जोडलेला असतो, त्यांत मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. भरलेल्या टाकीने घाटी उतरताना हे फार धोक्याचं. कमान बदलल्यावर त्या काडीची जागा मॅन्युअलप्रमाणे तपासायलाच हवी.

टाकीची बैठक

२०० लिटरची चौकोनी प्लास्टिकची टाकी, आत दोन आडभिंती. आडभिंती नसलेल्या अर्ध्या भरलेल्या टाकीत वळणावर शंभर किलो पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडायला बघते. बाजूच्या सीट काढल्या नाहीत, फक्त उचलून बांधल्या. सीट कायमच्या काढल्या की नोंदणीतली आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाही. खाली १८ मिमीचा मरीन प्लाय, त्यावर गोठ्यातली जाड रबरी मॅट. टाकी जितकी पुढे, मधल्या सीटच्या पाठीला लागून, तितकी बरी. भार मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे पडला पाहिजे. मागच्या दाराशी टाकी ठेवली तर चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते.

टाकी चार रॅचेट पट्ट्यांनी बांधली, पट्टे सीट आणि सीटबेल्टच्या मूळ बोल्टांवर बसवलेल्या कड्यांना. पत्र्याला भोकं पाडून लावलेल्या हुकांवर भरवसा ठेवायचा नाही. कोकणातल्या हवेत पाचेक वर्षांनी तो पत्रा हुकासकट हातात येतो.

एक नियम गाडीत पाटी लावून ठेवण्यासारखा आहे. गाडीच्या आत फक्त साधं पाणी. औषध मिसळायचं ते बाहेर पिंपात, जमिनीवर. औषधाच्या बाटल्या झाकणबंद खोक्यात, बॉनेटच्या बाजूला कधीच नाही, माणसांच्या शेजारी नाही. पेट्रोलचा पंप गाडीत ठेवून चालवायचा नाही, दारं उघडी असली तरी. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. हीच गाडी संध्याकाळी मुलांना शाळेच्या कार्यक्रमाला नेणार आहे. तुडतुड्यांसाठी मारलेलं औषध सीटच्या कापडात मुरलेलं चालणार नाही.

२०० लिटर कमी पडतात ही तक्रार खरी आहे, मोठ्या जुन्या कलमाला दहा लिटरच्या पुढेच द्रावण लागतं. त्यावर उपाय मांगराशी हजार लिटरची टाकी ठेवून, फवारणीच्या आदल्या दोन दिवसांत पाच खेपांनी ती भरून ठेवणं. फवारणीच्या सकाळी गाडीवर घाई नसते, चालक घाटीत जोर करत नाही.

रुतल्यावर

पुढे इलेक्ट्रिक विंच, म्हणजे मोटरने वायर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, बसवायचा विचार होता. पुढच्या नाकावर पंचवीस-तीस किलो, त्याला धरायला लोखंडी बंपर, बॅटरीवर मोठा भार. आणि वर्षात चारदा लागणारी वस्तू खाऱ्या हवेत वर्षभर बाहेर. ऐन वेळी ती जाम झालेली सापडते. त्याऐवजी तिरफोर, म्हणजे दांडा हाताने हलवून वायर ओढणारं यंत्र, घेतलं: १.६ टन ताकद, वजन सुमारे वीस किलो, वीस मीटर वायररोप. त्यासोबत एक कप्पी, १९ मिमीचे दोन बो-शॅकल (पिनेच्या लोखंडी कड्या), तीन मीटरचा रुंद कापडी पट्टा, एक फावडं आणि ऐनाच्या दोन फळ्या, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. सगळं मांगरात कोरडं राहतं, फवारणीच्या आणि आंब्याच्या दिवसांत गाडीत येतं. किनाऱ्यावर होड्या ओढून घेताना कप्पीचा वापर सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे गड्यांना ही पद्धत शिकवावी लागली नाही.

जोर किती लागेल ते आधी मनात मांडायचं. दोन टनांची गाडी वीस टक्के चढावर असेल तर नुसता चढाचाच ओढ ४०० किलोचा. चिखल टायरच्या तळापर्यंत असेल तर आणखी पाच-सहाशे. १.६ टनांत हे बसतं. चाक आसापर्यंत गाडलं असेल तर अडथळा गाडीच्या वजनाइतकाच धरावा, म्हणजे चढासकट दोन टनांच्या वर. मग कप्पी लावायची: वायर झाडाच्या कप्पीतून फिरवून परत गाडीला. जोर दुप्पट, वेग निम्मा. आणि त्याआधी फावडं. चाकासमोरची माती काढून उतार केला की लागणारा जोर झपाट्याने उतरतो. घामाचं काम आधी, यंत्राचं नंतर, हा क्रम पाळला तर वायर तुटत नाही.

पट्टा हापूसच्या कलमाला कधीच बांधायचा नाही. हापूसच्या सालीला जखम झाली की खोडकिडा तिथे अंडी घालतो, आणि एका रुतलेल्या गाडीपायी चाळीस वर्षांचं झाड जातं. घाटीच्या वरच्या अंगाला एक जुना ऐन आणि दोन किंजळ आहेत, ते ठरवून ठेवले आहेत. झाडालाही वायर थेट नाही, रुंद पट्टाच, आणि तो खोडाच्या तळाशी. वायरवर मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटली तर झेप घेत नाही. वायरच्या लांबीच्या दीडपट अंतरात यंत्र चालवणाऱ्याखेरीज कोणी उभं राहायचं नाही, आणि हुकूम एकाच माणसाचा. तिरफोरची सुरक्षापिन तुटली तर भार जास्त झाला असं समजून थांबायचं. तिच्या जागी खिळा किंवा बोल्ट घालणं म्हणजे पुढच्या वेळी पिनेऐवजी वायर तोडून घेणं.

गाडीच्या पुढच्या हुकाचे बोल्ट गंजलेले निघाले. हूक चांगला होता, बोल्ट ८.८ ग्रेडचे नवे घातले. ओढ संथ आणि सरळ असेल तर हा हूक पुरतो. दुसऱ्या गाडीने झटका देऊन ओढायचं नाही, आणि ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवायचा नाही. तो तुटून उडालेला गोळा माणसाचा जीव घेतो.

एक चाक हवेत फिरतंय आणि दुसरं गप्प, अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हळू ॲक्सिलरेटर दिला की फिरणाऱ्या चाकाला अडवणूक होते आणि थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. ड्रम तापल्याचा वास आला की थांबायचं.

पाणी आणि तेल

पऱ्ह्यात जायची मर्यादा चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे पस्तीस सेंटिमीटर. काठी घालून मोजायचं, मगच गाडी घालायची. या गाडीत स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी, नाही आणि घालायचा विचारही सोडला. पस्तीसच्या वर पाणी असेल त्या दिवशी वाहता जोरच गाडी बाजूला नेईल.

खरं नुकसान मात्र या मर्यादेच्या आतल्या पाण्यातही होत होतं. घाटी उतरून तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात शिरतो, आतली हवा आकसते आणि ॲक्सलवरच्या छोट्या श्वासनळीतून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या तोंडातून, उडालेलं पाणी आत ओढलं जातं. खालचा नट सैल केला तेव्हा तेल मधाच्या रंगाचं यायच्या ऐवजी दुधाळ चहासारखं आलं. श्वासनळीला आठ मिमीची तेल-रोधक रबरी नळी जोडून ती शाशीवरून वर, मागच्या दिव्याच्या पोकळीत नेली. टोक खाली वळवलेलं, सुरुवातीला थोडी सैल, म्हणजे ॲक्सल खाली-वर झाला तरी ओढली जात नाही. डिफरन्शियलमध्ये ईपी ८०डब्ल्यू९० तेल, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला बदल हा.

इंजिनाखाली ५ मिमी पत्र्याचा गार्ड सांगितला होता. ६० बाय ७५ सेंटिमीटरला तो पावणेअठरा किलो भरतो. ३ मिमीचा, कडा वाकवलेला, साडेदहा किलोत झाला. त्याला २५ मिमीची सहा भोकं आणि काढता येणारे बोल्ट. भोकं नसली तर तांबडी माती आत साठते आणि वर्षभर ओली राहते.

गंज

किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटरवरच्या गाडीचं आयुष्य शेवटी गंज ठरवतो. या गाडीला आधी खालून काळा डांबरी लेप मारला होता, तोही गंजावरच. बाहेरून छान काळं दिसत होतं. मागच्या कमानीच्या हँगरपाशी, म्हणजे कमान शाशीला टांगलेली असते तिथे, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर न देता, तर लेपाचा पापुद्रा फुटून टोक अर्धा इंच आत गेलं आणि मागून तांबड्या पिठासारखा गंज गळला. लेपाने पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत कोंडलं होतं.

हँगरचा तो भाग कापून नवा पत्रा जोडला, आणि मग बाकीची शाशी. हे काम डिसेंबर ते एप्रिल याच काळात करायचं, हवेत दमटपणा कमी असताना. आधी खालून गोड्या पाण्याने धुलाई. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, ते वापरलं तर धुणं आणि मीठ चोपडणं एकच. शाशीची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची, प्रत्येकातून मूठभर माती निघते. तीन दिवस उन्हात सुकवायची. वायर-ब्रशने सैल गंज काढून फॉस्फोरिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. शाशीच्या पोकळ भागात रंग पोचत नाही, तिथे लांब नळीने मेणाचा फवारा मारायचा. ब्रेकच्या पाइपला धरणारे क्लिप एकेक काढून खाली बघायचं. पाइप गंजून फुटतो तो क्लिपखालीच. जळकं इंजिन ऑइल खालून फवारायची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्याने रबर बुश फुगतात आणि ब्रेकच्या ड्रमवर गेलं तर ब्रेकच जातात.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल करता येत नाही असं स्पष्ट केलं. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर हेही बघतो. म्हणून या गाडीवर राहिलेली प्रत्येक गोष्ट मूळ मापाची किंवा उतरवून ठेवता येणारी आहे. छतावरचा एलईडी बार लावला नाही. कामाला चुंबकाचा एक दिवा आहे, तो बागेत लावतात आणि बेड्याबाहेर यायच्या आधी काढतात.

हंगामानंतर

एका पूर्ण हंगामात फवारणीचं पाणी आणि आंब्याचे क्रेट मिळून घाटीच्या खेपांत गाडी दोनदा अडकली, दोन्ही वेळा अवकाळी पावसानंतर पट्ट्यांच्या वरच्या वळणावर. तिथली आणखी नऊ मीटर वाट आता पट्टीत घेतली आहे. क्लच शाबूत आहे, टायर सारखे झिजत आहेत, डिफरन्शियलचं तेल स्वच्छ.

पावसाचे चार महिने गाडी पऱ्ह्याच्या अलीकडेच थांबते. वादळात झाड आडवं पडलं तर तिरफोर खांद्यावरून वर नेतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा खालून धुणं, निचऱ्याची भोकं, यू-बोल्ट, पुढच्या चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस आणि श्वासनळीची नळी एवढं बघायचं. ऑक्टोबरात, पहिल्या फवारणीच्या आधी, तेच परत.